पिट्सबर्गला सापडलेलं गाणं

१६ जुलै १९६६ च्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या यादीत अमेरिकेतलं एक नंबरचं गाणं होतं 'हँकी पँकी'. आधीच्या तीन आठवड्यांत ती जागा बीटल्स, फ्रँक सिनात्रा आणि पुन्हा बीटल्स अशी फिरली होती. म्हणजे शेजार तालेवार होता. आणि हे गाणं? मिशिगन राज्यातल्या नाइल्स नावाच्या छोट्या गावात, तिथल्याच रेडिओ स्टेशनच्या स्टुडिओत, शाळकरी पोरांच्या बँडने १९६४ मध्ये वाजवून ठेवलेलं. ते एक नंबरला पोचलं तेव्हा तो बँड मोडून गेला होता. कुणी लग्न करून संसाराला लागलं होतं, कुणी सैन्यात भरती झालं होतं. उरला होता फक्त गायक, आणि आपलं गाणं कुठेतरी गाजतंय हे त्यालाही फोन आला तेव्हाच कळलं.

ही गोष्ट अमेरिकेत पुष्कळदा सांगितली जाते आणि दर वेळी 'पोराने नशीब काढलं' या सुरात. मला तो सूर पुरेसा वाटत नाही. नशीब होतंच, पण नशिबालाही टेकायला जागा लागते. ती जागा म्हणजे पेनसिल्व्हानियातलं पिट्सबर्ग शहर आणि त्याच्या भोवतालची पोलाद कारखान्यांची गावं. राष्ट्रीय यादीत चढण्याआधी काही महिने हे गाणं फक्त तिथे हिट होतं. न्यूयॉर्कला, लॉस एंजेलिसला, अगदी गायकाच्या स्वतःच्या गावालाही ते तिथे गाजतंय याचा पत्ता नव्हता. हे कसं घडलं, त्याचा हा पंचनामा.

सुरुवात गाण्यापासून करू, कारण ते मुळात कुणालाच नको होतं. जेफ बॅरी आणि एली ग्रीनिच हे न्यूयॉर्कमधलं नवरा-बायकोचं गीतकार जोडपं. त्या काळी त्यांचा हात धरणारं फारसं कुणी नव्हतं. 'बी माय बेबी' सारखी गाणी निर्माता फिल स्पेक्टरबरोबर त्यांनीच लिहिली. 'द रेनड्रॉप्स' या नावाने ते स्वतःही गात. १९६३ च्या अखेरीला त्यांची 'दॅट बॉय जॉन' ही रेकॉर्ड आली. तबकडीला दोन बाजू असतात आणि दुसरी कोरी सोडता येत नाही, म्हणून तिथे एक गाणं झटपट पाडलं, ते 'हँकी पँकी'. हँकी पँकी म्हणजे आपल्याकडचे चाळे, भानगडी. लेखकांनाच त्याचं कौतुक नव्हतं. त्यात नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष जॉन केनेडींची हत्या झाली आणि जॉन नावाच्या पोराचं हसरं-खेळतं गाणं वाजवायची रेडिओवाल्यांना इच्छा उरली नाही, असं सांगतात. पहिली बाजूच बुडाली, तिथे दुसरीला कोण विचारतो.

पण क्लबांत वाजवणाऱ्या बँडवाल्यांची जात वेगळी. त्यांना गाजलेलं गाणं हवं असतंच, पण त्याहून जास्त हवं असतं ते सोपं आणि नाचवणारं. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडमध्ये एक बँड हे गाणं वाजवत होता आणि त्यावर पोरं पार वेडी होत होती. ते पाहायला तिथे एक मुलगा होता, थॉमस जॅक्सन, म्हणजे आपल्या गोष्टीतला गायक. जन्म १९४७ चा. नाइल्सच्या शाळेत शिकायचा आणि 'द शाँडेल्स' नावाचा बँड चालवायचा. त्याला तिथल्या तिथे गाणं उचलावंसं वाटलं. अडचण एवढीच, की त्याच्या लक्षात राहिल्या मोजक्या ओळी. बाकीच्या त्यांनी स्वतः जुळवल्या, असं तो पुढे अनेकदा म्हणाला आहे.

आज ती रेकॉर्ड ऐकली की हे लख्ख कळतं. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. माझी पोरगी हँकी पँकी करते, करते, करतेच. कडव्यात काय, तर ती रस्त्याने चालत येताना दिसली, एवढंच. मध्ये गिटारचा एक खरखरीत तुकडा, मग पुन्हा तीच ओळ. पण गाणाऱ्या पोराच्या आवाजात एक उर्मटपणा आहे, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून शिट्टी मारल्यासारखा, आणि ड्रम जरा ढकलत ढकलत पुढे जातो. न्यूयॉर्कच्या कसबी लोकांनी केलेल्या मूळ गाण्यात तो उर्मटपणा नाही. शब्द विसरले म्हणून जे उरलं, ते नाचायला जास्त सोयीचं होतं. पहिलं कडवं संपायच्या आत खोलीतल्या प्रत्येकाला अख्खं गाणं पाठ.

नाइल्स हे मिशिगनच्या दक्षिण टोकाचं गाव, सेंट जोसेफ नदीकाठचं. सीमा ओलांडली की साउथ बेंड. तिथल्या डब्ल्यूएनआयएल या स्टेशनवर जॅक डग्लस नावाचा डिस्क जॉकी, म्हणजे रेडिओवर रेकॉर्ड लावणारा निवेदक, होता. त्याने 'स्नॅप' नावाची चिमुकली रेकॉर्ड कंपनी काढली आणि परिसरातल्या पोरांचे बँड स्टेशनातच ध्वनिमुद्रित करायला घेतले. शाँडेल्स त्यांपैकी एक. रेकॉर्ड निघाली, लेबलवर नाव फक्त 'द शाँडेल्स'. गायकाचा वेगळा उल्लेख नाही.

आणि ती चालली. नाइल्स, साउथ बेंड, एल्कहार्ट या पट्ट्यात १९६४ मध्ये ती बऱ्यापैकी हिट होती. (एल्कहार्ट म्हणजे पितळी वाद्यांचे कारखाने असलेलं गाव. अमेरिकेतल्या शाळांच्या बँडमधले कितीतरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तिथून निघत. संगीताशी त्या भागाचा धंद्याचाच संबंध.) मग ती विझली. पोरं शाळा संपवून पांगली. इथपर्यंतची हकिकत अमेरिकेतल्या शेकडो बँडची आहे. तीत नवल काहीच नाही.

पण ती विझली का, हे जरा खोलात पाहायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे.

आपण 'अमेरिकेत हिट' असं सहज म्हणतो. साठच्या दशकात रेकॉर्डच्या धंद्यापुरती अमेरिका एक नव्हतीच. प्रत्येक मोठं शहर ही वेगळी पेठ होती. तिचे आपले वितरक, आपली दुकानं, ज्यूकबॉक्स (नाणं टाकलं की गाणं वाजवणारी यंत्रं) लावणारे आपले ठेकेदार आणि आपली रेडिओ स्टेशनं. दर आठवड्याला प्रत्येक मोठं स्टेशन आपल्या लोकप्रिय गाण्यांची यादी छापायचं आणि तो कागद रेकॉर्डच्या दुकानांत फुकट ठेवलेला असायचा. पोरं तो घरी नेऊन भिंतीला चिकटवत. एका शहराच्या यादीत तिसऱ्या क्रमांकाचं गाणं शेजारच्या शहराच्या यादीत औषधालाही नसायचं. राष्ट्रीय यादी या सगळ्या पेठांची बेरीज करून निघायची. एकाच पेठेत कितीही उड्या मारल्या तरी बेरजेत त्या बुडून जायच्या.

याला एक भौतिक कारणही होतं. तेव्हा पॉप गाणी वाजायची मीडियम वेव्हवर. या लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि लवकर थकतात. रात्री मात्र आकाशातल्या वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर जाऊन पडतात. आपल्याकडे ज्यांनी रात्री ट्रान्झिस्टर कानाला लावून भलत्याच भाषेतली स्टेशनं पकडली आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. रात्रीचा हा गोंधळ टाळायला अमेरिकेत कितीतरी छोट्या स्टेशनांना परवाना मिळायचा तो फक्त दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा. अशा स्टेशनचं राज्य म्हणजे एक-दोन तालुके. तिथे राजा असणारं गाणं वेशीबाहेर ऐकूच जायचं नाही.

त्यात छोट्या कंपनीचा जीव केवढा! मोठ्या कंपनीचे शहरोशहरी वितरक बांधलेले. स्नॅपसारखी कंपनी काही शे, फार तर काही हजार तबकड्या छापणार आणि गाडीच्या डिकीत घालून ओळखीच्या दुकानांत ठेवणार. समजा, गाणं एकदम उचललं. मग आणखी छापायला कारखाना रोख पैसे मागतो, आणि दूरचा वितरक विकलेल्या मालाचे पैसे देतो महिनोन्‌महिने थांबवून. गाणं पडलं म्हणून मेलेल्या कंपन्या असतात, तशा गाणं चाललं म्हणून मेलेल्याही असत. जॅक डग्लसने नाइल्सच्या आसपास जे केलं त्यापलीकडे जाण्याची त्याची ऐपतच नव्हती.

आता पिट्सबर्ग.

नाइल्सपासून अंतर पाच-साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे साधारण आपलं मुंबई-पणजी. मध्ये अख्खं ओहायो राज्य. तीन नद्यांच्या संगमावरचं शहर, दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली कारखान्यांची गावं, आणि प्रत्येक गावात शनिवारी नाचायला एखादा हॉल. व्यापारी रेडिओचा जन्म याच शहरातला समजला जातो. केडीकेए स्टेशनने २ नोव्हेंबर १९२० ला अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगून प्रसारण सुरू केलं. पण आपल्या गोष्टीला जास्त महत्त्वाचं स्टेशन आहे डब्ल्यूएएमओ. त्यातली ए, एम, ओ ही अक्षरं म्हणजे अ‍ॅलेगेनी, मोनाँगहेला आणि ओहायो या तीन नद्या. तिथे पोर्की चेडविक नावाचा डिस्क जॉकी होता. हा गोरा माणूस १९४८ पासून, स्टेशनचं नाव वेगळं होतं तेव्हापासून, काळ्या कलाकारांच्या धूळ खात पडलेल्या जुन्या रेकॉर्ड हुडकून वाजवत आला होता. नवीन काय आलंय याचं त्याला पडलेलं नव्हतं. चांगलं आणि कुणी न ऐकलेलं, एवढाच त्याचा निकष.

याचा परिणाम असा, की पिट्सबर्गच्या दोन पिढ्यांचे कान वेगळे घडले. इतर शहरांत जुनी रेकॉर्ड म्हणजे शिळी. पिट्सबर्गमध्ये जुनी आणि अनोळखी रेकॉर्ड म्हणजे शोध, ऐट. दुसऱ्याकडे नसलेली तबकडी आपल्याकडे असणं ही तिथल्या डिस्क जॉकींमधली चुरस होती. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथे आहे. 'हँकी पँकी' दुसऱ्या कुठल्याही शहरातल्या जुन्या मालाच्या ढिगात सापडली असती, तर ढिगातच राहिली असती.

१९६५ मध्ये ती सापडली बॉब मॅक या माणसाला. तो पिट्सबर्ग भागात तरुणांसाठी नाचाचे कार्यक्रम भरवायचा. बँड परवडत नसला की रेकॉर्ड लावायच्या, हा त्याचा धंदा. त्याने आपल्या नाचांत ही तबकडी फिरवायला सुरुवात केली. इथला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. नाच आधी, रेडिओ मागून. पुस्तकी समजूत अशी, की रेडिओ गाणं लोकप्रिय करतो आणि मग लोक त्यावर नाचतात. इथे उलट झालं, आणि उलट होण्याला कारण होतं.

१९५९-६० मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर 'पेओला' प्रकरण गाजलं होतं. कंपन्या डिस्क जॉकींना पैसे चारून गाणी वाजवून घेतात, हे चव्हाट्यावर आलं आणि १९६० मध्ये कायदा झाला. त्यानंतर अनेक स्टेशनांनी गाणी निवडायचं काम डिस्क जॉकीच्या हातून काढून वरच्या साहेबाकडे दिलं. साहेब कंपन्यांकडून आलेल्या नव्या रेकॉर्डमधून चाळीस-एक गाण्यांची यादी करणार, आणि माइकसमोरचा माणूस तीच फिरवत बसणार. बुडालेल्या शाळकरी बँडची एक-दोन वर्षं जुनी तबकडी या यादीत कुठल्या दाराने शिरणार? एकच दार उघडं होतं, नाचाचा हॉल. तिथे साहेब नव्हता. तिथे निकाल तिथल्या तिथे लागायचा: रेकॉर्ड लावली की पोरं उठतात की थंड पेय आणायला जातात. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टीवाला हेच करतो. एखादं कुठलं तरी जुनं गाणं काढतो, त्यावर गर्दी उसळली की दुसऱ्या दिवशी पेठेतली सगळी मंडळं तेच वाजवतात. त्याच्यासाठी कुणी सर्वेक्षण केलेलं नसतं.

पोरं उठली. मग ती रेडिओ स्टेशनांना फोन करून तेच गाणं मागू लागली, आणि स्टेशनांनी ते 'फक्त आमच्याकडे' अशी जाहिरात करत वाजवायला घेतलं. जाहिरात खोटी नव्हती. खरंच दुसऱ्या कुणाकडेच ते नव्हतं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात मजेशीर वाटतो. गाणं रेडिओवर दिवसाला अनेकदा वाजतंय, पोरं दुकानात जाऊन मागतायत, आणि दुकानात देण्यासारखी तबकडी एकही नाही. स्नॅप कंपनी साडेपाचशे किलोमीटरवर, आणि त्या रेकॉर्डचा तिथला अध्याय केव्हाच मिटलेला. मागणी शंभर टक्के, पुरवठा शून्य. अशा जागी जे होतं तेच झालं. कुणीतरी एक तबकडी मिळवली, तिच्यावरून टेप केली, टेपवरून नवा साचा पाडला आणि छापायला सुरुवात केली. परवानगी नाही, मानधन नाही, कर नाही. अशा चोरट्या प्रतींचा आकडा ८०,००० असा सांगतात.

आकडा ऐकून आधी मी भुवई वर केली. चोरट्या मालाची वही कोण ठेवतो? पण जरा हिशोब करून पाहा. १९६० च्या जनगणनेत पिट्सबर्ग शहराची वस्ती सहा लाखांच्या थोडी वर होती, आणि आसपासची गावं धरून चोवीस लाखांच्या घरात. ८०,००० म्हणजे त्या टापूत साधारण तीस माणसांमागे एक तबकडी. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि तान्ह्या पोरांना वगळलं तर घनता आणखी वाढते. आकडा निम्मा धरला तरी एका महानगराच्या भागासाठी हे प्रचंड आहे. राष्ट्रीय पातळीवर बऱ्यापैकी गाजलेल्या गाण्यांचाही एका शहरातला खप एवढा नसायचा. अर्थात त्यातली एक दमडीही ना गायकाला मिळाली, ना जॅक डग्लसला, ना बॅरी आणि ग्रीनिचला.

इथे चोरांना शिव्या घालणं सोपं आहे. मला मात्र वाटतं, चोरट्या प्रती नसत्या तर हे प्रकरण तिथेच संपलं असतं. रेडिओवर ऐकू येणारं पण विकत न मिळणारं गाणं पोरं महिन्याभरात विसरतात. चोरांनी ते घराघरांत पोचवलं आणि ते तिथे टिकवलं, तोवर मालकाला शोधून काढायला वेळ मिळाला.

एप्रिल १९६६ मध्ये पिट्सबर्गहून थॉमस जॅक्सनला फोन आला. थॉमस जॅक्सनचा टॉमी जेम्स याच सुमारास झाला. त्या आधी तो मध्य-पश्चिमेतल्या क्लबांत दुसऱ्या बँडबरोबर फिरत होता. विस्कॉन्सिनमधल्या एका क्लबाचं दिवाळं निघालं, कार्यक्रम अर्ध्यावर पडला आणि तो उतरलेल्या चेहऱ्याने घरी परतला, म्हणूनच फोनवर सापडला, असं त्याचं सांगणं. इकडे या, तुमचं गाणं पहिल्या क्रमांकावर आहे, असा निरोप. वय अठरा, महिनाअखेरीला एकोणीस पूर्ण होणार. जुने शाँडेल्स यायला तयार नाहीत. मग हा एकटाच गेला.

जरा त्या पोराच्या जागी उभं राहून पाहा. ज्या शहरात आयुष्यात कधी काम केलं नाही, तिथे उतरायचं, आणि लोक तुमचं गाणं तुमच्याआधी म्हणून दाखवतायत. रेडिओवर मुलाखत, स्थानिक टीव्हीवर हजेरी, क्लबांत गाणं. पण गाणार कुणाबरोबर? पिट्सबर्गपासून पन्नास किलोमीटरवर ग्रीन्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या थंडरबर्ड लाउंजमध्ये 'द रॅकाँटर्स' नावाचा एक स्थानिक बँड वाजवत होता. जेम्सने त्यांचं ऐकलं आणि विचारलं, माझे शाँडेल्स होता का? ते झाले. भेटलेला पहिला बँड उचलला, अशा अर्थाचं तो स्वतःच म्हणतो. त्या दिवसापासून स्टेजवर 'हँकी पँकी' वाजवणाऱ्या माणसांपैकी तबकडीवर ऐकू येणारा माणूस एकच उरला. पिट्सबर्गने गाणं तर आपलंसं केलंच होतं, आता बँडही स्वतःच्या पोरांचा भरला.

न्यूयॉर्कमधला टप्पा लवकर उरकतो, कारण त्यात संगीत कमी आणि दरारा जास्त आहे. एका शहराचा हिट हे मोठ्या कंपन्यांच्या दृष्टीने फुकटात झालेलं परीक्षण होतं. धोका दुसऱ्याने पत्करलेला, निकाल समोर. त्यामुळे मूळ ध्वनिफीत घेऊन जेम्स आणि मंडळी न्यूयॉर्कला पोचली तेव्हा अनेक मोठ्या कंपन्यांनी रस दाखवला. दुसऱ्या दिवशी एकेकाने माघार घेतली. उरली 'रूलेट' ही एकच कंपनी, मालक मॉरिस लेव्ही. लेव्हीने इतरांना फोन करून ही रेकॉर्ड माझी आहे असं बजावलं होतं, असं जेम्सने पुढे २०१० मध्ये आलेल्या आत्मचरित्रात लिहिलं. गुन्हेगारी टोळ्यांशी असलेले लेव्हीचे संबंध धंद्यात सर्वांना ठाऊक होते. १९८८ मध्ये खंडणीच्या कटात तो दोषी ठरला आणि शिक्षा भोगायच्या आधी १९९० मध्ये वारला. रूलेटने आपल्याला द्यायचे तीन-चार कोटी डॉलर कधी दिलेच नाहीत, असा जेम्सचा हिशोब आहे.

पण एक गोष्ट लेव्हीच्या नावावर जमा करावीच लागेल. त्याने गाण्याला हात लावला नाही. नव्याने मुद्रण नाही, साफसफाई नाही. नाइल्सच्या स्टेशनात १९६४ मध्ये झालेलं तेच ध्वनिमुद्रण रूलेटच्या लेबलखाली देशभर गेलं, आणि उन्हाळ्यात एक नंबरला. एखाद्या शहाण्या निर्मात्याने ते चकचकीत करायला घेतलं असतं, तर तो गल्लीतला उर्मटपणा पुसला गेला असता.

तरीही पिट्सबर्गमध्ये गाजलं म्हणून देशात गाजलं, असं सरळ गणित मांडता येत नाही, हे त्याच काळातली दुसरी दोन शहरं पाहिली की कळतं. शिकागोत 'ग्लोरिया' या गाण्याचं वेगळंच झालं. 'देम' या बेलफास्टच्या बँडचं मूळ गाणं डब्ल्यूएलएस या बलाढ्य स्टेशनला नको होतं. मुलगी खोलीवर येते, ही ओळ त्यांना खटकली. मग शिकागोच्या उपनगरातल्या 'शॅडोज ऑफ नाइट' या पोरांनी ती ओळ बदलून गाणं केलं. ते आधी शिकागोत आणि मग १९६६ मध्ये देशात दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. म्हणजे तिथे स्थानिक हिट घडवला एका स्टेशनच्या सोवळेपणाने.

डेट्रॉइटची गोष्ट याच्या उलट, आणि जरा चटका लावणारी. तिथला गायक बॉब सीगर १९६६ पासून आपल्या शहरात मोठं नाव होता. १९६७ मध्ये त्याचं 'हेवी म्युझिक' डेट्रॉइटमध्ये जोरात होतं, बाहेरही हलायला लागलं होतं, तेवढ्यात त्याची 'कॅमिओ-पार्कवे' ही कंपनीच गुंडाळली गेली. देशभर पोचवणारा कुणी उरला नाही. पुढे एक-दोन गाणी वर गेली, पण सीगर मुख्यतः डेट्रॉइटचाच राहिला. जून १९७६ मध्ये शहराशेजारच्या पाँटिअॅकच्या स्टेडियममध्ये त्याच्यासमोर सत्तर हजारांवर लोक होते, आणि पाठोपाठ शिकागोत हजारही नव्हते. मिशिगन सरोवराच्या एका काठावर देव, दुसऱ्या काठावर कोण हा. त्याच वर्षाअखेरीला 'नाइट मूव्ह्ज' या त्याच्या रेकॉर्डने हे चित्र पालटलं, पण तोवर दहा वर्षं गेली होती. सीगरची गाणी 'हँकी पँकी'पेक्षा कमअस्सल होती असं मला कुणी सांगू नये. माझ्या कानाला ती कितीतरी सरस आहेत. फरक गाण्यात नव्हता. योग्य आठवड्यात शहराच्या वेशीवर गाडी घेऊन कोण उभं होतं, यात होता. जेम्सच्या नशिबी निदान गुंड तरी उभा होता.

म्हणून या प्रकरणाला 'दर्जेदार गाण्याला शेवटी न्याय मिळाला' असा शेंदूर फासायला मी तयार नाही. तेच ध्वनिमुद्रण, तीच तबकडी. १९६४ मध्ये एका पट्ट्यात हिट झाली आणि मेली; १९६५-६६ मध्ये दुसऱ्या टापूत हिट झाली आणि जगली. नाइल्समध्ये ती आपल्या शाळेतल्या पोरांची होती, म्हणून चालली. पिट्सबर्गमध्ये ती कुणाचीच नव्हती, म्हणून चालली.

आज असं होणं अवघड आहे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं बाळगावीत यावरची मर्यादा उठवली आणि काही वर्षांत एकट्या 'क्लिअर चॅनल'कडे बाराशेच्या वर स्टेशनं जमा झाली. यादी एकाच टेबलावर ठरू लागली. पिट्सबर्गमध्ये पोर्कीने घडवलेले कान आहेत की नाहीत, हे त्या टेबलावरच्या माणसाला कसं कळणार?

टॉमी जेम्सची पुढची कारकीर्द चांगली झाली. १९८७ च्या नोव्हेंबरात तर त्याची दोन जुनी गाणी टिफनी आणि बिली आयडॉल या दोन वेगळ्या गायकांच्या आवाजात लागोपाठ एक नंबरला आली. ग्रीन्सबर्गहून उचललेल्या पोरांपैकी माइक वेल आणि रॉन रोझमन हे दोघं त्याच्याबरोबर टिकले. १९६८ च्या अखेरीला त्यांनी 'क्रिम्सन अँड क्लोव्हर' नावाचं गाणं केलं. काम पुरतं झालं नव्हतं, आवाज आणि वाद्यं एकत्र केलेलं कच्चं मिश्रण (रफ मिक्स) होतं. जेम्स ते घेऊन शिकागोच्या डब्ल्यूएलएसमध्ये गेला, लोकांना कसं वाटतंय ते पाहायला म्हणून वाजवून दाखवलं आणि बाहेर पडला. गाडीत बसून रेडिओ लावतो तर तेच गाणं चालू. स्टेशनवाल्यांनी त्याच्या नकळत ते टेप करून घेतलं होतं आणि जगात सर्वप्रथम आमच्याकडे, असं सांगत वाजवत होते. लेव्हीने स्टेशनला थांबवायचा प्रयत्न केला, मग फोन इतके यायला लागले की त्याने तेच कच्चं मिश्रण तबकडीवर छापायला पाठवलं. फेब्रुवारी १९६९ मध्ये ते एक नंबरला होतं. जेम्सला हवं होतं ते पक्कं मिश्रण त्या तबकडीवर कधी आलंच नाही.